लेकानं अडवलेलं माझंच विमान

काश्मीरला जाऊन आल्यापासून आष्ट्यात जो भेटतो तो मला दोन गोष्टी विचारतो. बर्फ कसा असतो, आणि आमचा हणमंता विमान कसं चालवतो. पहिल्याचं उत्तर सोपं आहे. लांबून साखरेसारखा दिसतो, आणि जवळ गेलं की माणसाला खाली पाडतो. दुसऱ्याचं उत्तर द्यायला मला एवढी पानं लिहावी लागताहेत, कारण हणमंता विमान चालवत नाही. तो विमान झाडतो.

आता खरं सांगून टाकते. "माझा लेक विमानात हाय" असं गेली कित्येक वर्षं मीच गावभर सांगत आले. ऐकणाऱ्यांनी त्याला आपापल्या मनानं पुढच्या खुर्चीत बसवलं आणि मी कुणाला तिथून उठवायला गेले नाही. हवाई दलात तो फिटर होता. ती नोकरी संपल्यावर प्रवासी विमानांच्या एका कंपनीत मेकॅनिक म्हणून लागला आणि श्रीनगरला गेला. कागदावर एवढंच होतं. बाकीचं सगळं आमच्या ओट्यावर तयार झालं.

माझं लिहिणंही आधी माफ करून घ्या. मी शाळेत गेलेली नाही. आमचे हे फौजेत असताना त्यांची पत्रं पोस्टमन मोठ्यानं वाचून दाखवायचा आणि शेजारच्या बायका भाकरी अर्धी टाकून ऐकायला यायच्या. त्या लाजेपायी मी बाराखडी शिकले. म्हणून मी ओट्यावर बसून गोष्ट सांगावी तशीच लिहिते. दुसरी तऱ्हा मला येत नाही.

जायच्या आधी: एका शूर माणसाचा डोळा

आमच्या ह्यांनी तोफखान्यात नोकरी केली. तोफा धडधडत असताना झोपून जाणारा माणूस. पण उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला आणि मिरजेच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं, तेव्हा ह्यांनी पहिल्या खेपेला काय केलं? सकाळी टेबलावर घ्यायच्या वेळी खाट रिकामी. शोधाशोध झाली. शेवटी दवाखान्याची पांढरी चादर अंगाभोवती गुंडाळून हे मिरज स्टेशनच्या बाकड्यावर सापडले. सांगलीच्या गाडीची वाट बघत होते.

डॉक्टर भला माणूस, रागावला नाही. पण मला बाजूला घेऊन म्हणाला, "आजी, मोतीबिंदू फार पिकलाय. आता उशीर केला तर डोळा हातचा जाईल." दुसऱ्या डोळ्यानं ह्यांना आधीच कमी दिसतं. थंडीत जखम चांगली भरते म्हणून पौषातला एक मंगळवार ठरला.

त्याच सुमाराला सुनेचं, विमलचं, पत्र आलं. दोन वर्षं हणमंताला रजा नाही, आई तुम्ही तरी या. विमल साताऱ्याची. पत्राच्या शेवटी 'कंदी पेढे आणावेत' हे एवढं ठळक लिहिलं होतं की पत्र त्यासाठीच लिहिलंय असं वाटावं. माझा भाचा जम्मूला पलटणीत हजर व्हायला निघाला होता, सोबत मिळाली. निघताना हे दारात उभे.

"मंगळवारच्या आदी येनार न्हवं?"

"सोमवारीच येते की."

"तू हितं असशील तरच मी त्या टेबलावर झोपीन. न्हाईतर हाय त्यो डोळा बरा हाय."

"आवं, डोळा तुमचा काडायचाय का माझा?"

"तुझा आसता तर मी कवाच झोपलो आसतो," हे म्हणाले. त्या वेळी हसले मी. पण म्हातारा बोलला तसं करतो, हे मला चाळीस वर्षांचा संसार करून ठाऊक होतं. सोमवारी मी मिरजेत नसले तर डोळा गेला, हे मनाशी धरूनच मी गाडीत बसले.

श्रीनगर: गरम पाणीवाली

रेल्वेतले आणि बसमधले दिवस सांगत नाही. तेवढं बसायला मला लागलं, तुम्हाला कशाला?

हणमंताचं घर गल्लीत, वरच्या मजल्यावर. जिना लाकडाचा, खाली दाराशी दगडाच्या तीन पायऱ्या. कंदी पेढे पोचले, पण थंडीनं असे घट्ट झाले होते की विमलनं एक दाताखाली धरला आणि डोळ्यांत पाणी आणलं. माहेरच्या आठवणीनं आलं का दात दुखला म्हणून, ते मी विचारलं नाही. पुढं आम्ही पेढे शेगडीच्या काठावर ठेवून मऊ करून खायचो. आमची शेगडी जमिनीवर असते. तिथली माणसं तिला वेताच्या टोपलीत घालून अंगरख्याच्या आत पोटाशी धरून हिंडतात आणि कांगडी म्हणतात. पहिल्यांदा एका म्हाताऱ्याच्या गळ्याजवळून धूर निघताना पाहिला आणि मी ओरडायच्या बेतात होते. त्यांच्या चहात मीठ असतं आणि रंग गुलाबाच्या फुलासारखा. दोन दिवस मी तो औषधासारखा प्यायले. तिसऱ्या दिवशी मागून घेतला.

तो चहा आणून द्यायची खालच्या मजल्यावरची हाजरा आपा. माझ्याच वयाची, दात माझ्यापेक्षा दोन जास्त. तिला मराठी येत नाही आणि मला काश्मिरी. दोघींची हिंदी अशी की तिसऱ्यानं ऐकली असती तर भांडण सोडवायला धावला असता. पण सुनांबद्दल बोलायला आम्हाला भाषा कधी कमी पडली नाही.

चौथ्या दिवशी सकाळी बघते तर पायऱ्यांवर टाचभर बर्फ. विमल भाकरी थापत होती. मी म्हटलं, पोरीला तेवढाच हातभार. बंबातलं कढत पाणी बादलीभर काढलं आणि पायऱ्यांवर ओतलं. काय सांगू, बर्फ बघता बघता गेला! पायऱ्या अशा धुऊन निघाल्या, जणू सणाला सारवल्यात. मी वर जाऊन विमलला ऐकवलं, "तुमाला येवढी अक्कल न्हाई व्हय गं? दोन वर्सं खराटा घिऊन बसलायसा."

माझं वाक्य संपेपर्यंत खाली धाडकन आवाज झाला.

हाजरा आपा चहाची किटली घेऊन येत होती. पायऱ्यांवर आता आरसा तयार झाला होता. आपा एका जागी बसली आणि किटली एकटीच गल्लीच्या टोकाला निघून गेली. मी धावले, पहिल्याच पायरीवर माझाही पाय गेला आणि मी आपाच्या शेजारी जाऊन बसले. दोघी म्हाताऱ्या रस्त्यात! आपाला लागलं नव्हतं. ती हसत सुटली आणि मला समजावू लागली, "राख, बहन, राख! गरम पानी नहीं." बर्फावर राख टाकायची असते. गरम पाणी पातळ पसरतं, खालचा दगड गारठलेला असतो, आणि क्षणात त्याची काच होते. त्या दिवसापासून गल्लीतली पोरंटोरंसुद्धा मला 'गरम पानीवाली' म्हणायला लागली. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

आणखी एक गोष्ट. फौजेच्या कुटुंबांच्या वस्तीत राहत असताना मी लोकर विणायला शिकले होते. हणमंताला मी हातमोजे पाठवते. मी अंगठा तळव्याच्या बाजूला वळवून विणते, म्हणजे मूठ नीट बसते. त्यामुळे माझा डावा मोजा उजव्या हातात जात नाही. त्याची पेटी आवरताना मला दोन जोड सापडले. दोन्ही डावे बोटांना फाटलेले, आणि दोन्ही उजवे कोरे.

"उजव्या हातानं काय कामच करत न्हाईस का रं? खिशात घालून बसतोस?"

हणमंतानं हसत ते माझ्या हातातून काढून घेतले. त्याचा उजवा हात मी तेव्हाच बघितला. बोटांची टोकं भेगाळून काळी पडली होती. विमल म्हणाली, "त्येंचं आसंच आसतंय आई. परत्येक कामाला येळ. हापिसात त्येंला सगळी 'थोडा ठहरो' म्हनूनच हाक मारत्यात. सायेब बोलत्यात, वरच्या जागेला नाव जाईना."

मला ते लागलं. पोर लहानपणापासूनच चेंगट. शाळवाच्या, म्हणजे थंडीतल्या ज्वारीच्या, दिवसांत कणसांवर दव आणि धुई बसली की दाणा काळा पडतो, म्हणून ऊन वर यायच्या आत दोघांनी दोन बांधांवर उभं राहून दोर धरायचा आणि पिकावरून ओढत न्यायचा. दोराचं एक टोक माझ्याकडं, एक हणमंताकडं. मी निम्म्या रानात, आणि हा मागं कोपऱ्यातली ज्वारीची दोन ताटं हातानं झाडत उभा! किती ओरडा खाल्ला त्यानं माझा. आणि आता तोच ओरडा साहेबांचा खातोय, असं मला वाटलं.

विमानतळ: दोन बांधांच्या मधे

निघायचा दिवस आला आणि घाटातला रस्ता बर्फानं बंद झाला. बस नाही. हणमंता म्हणाला, "आये, इमानानं दिल्लीला जा. दुपारी पोचशील, संध्याकाळच्या गाडीत बसलीस की सोमवारी मिरज." विमानात बसायचं! मी भ्याले का हरखले, मला अजून कळलेलं नाही.

आदल्या दिवशी आलेलं विमान ढग उतरल्यामुळं परत जाऊ शकलं नव्हतं आणि रात्रभर उघड्यावर उभं होतं. सकाळी आम्ही गेलो तर ते पांढरंशुभ्र. दोन पंखे, खाली आलेले रुंद पंख, सगळ्यावर बर्फ. पहाऱ्यावरच्या शिपायानं माझी पिशवी तपासली आणि शेंगदाण्याची चटणी बघून तीनदा वास घेतला. मेकॅनिक लोकांच्या पत्र्याच्या शेडमध्ये शेगडीपाशी मला बसवलं. दार उघडं होतं, समोरच विमान.

मग मी माझ्या लेकाचं काम पहिल्यांदा पाहिलं.

आधी खराटे. आपल्यासारखे कडक नव्हेत, मऊ केसांचे, कारण विमानाच्या अंगाला ओरखडा चालत नाही. हणमंता आणि त्याचा जोडीदार रसूल शिड्या लावून पंखांवरचा भुसभुशीत बर्फ लोटून काढत होते. विमान चालवणारा माझा लेक! मी पदर तोंडाला लावला. हसू येत होतं आणि आष्ट्यातल्या कुणी पाहिलं नाही याचं बरंही वाटत होतं. तिकडं एक यंत्र हत्तीच्या सोंडेएवढ्या कापडी नळीतून गरम वारा इंजिनात सोडत होतं.

बर्फ गेला तरी पंखावर गोठलेल्या दवाची पांढरी खर चिकटून होती. मग रसूल पंखाच्या पुढं गेला, हणमंता मागं. दोघांच्या मधे एक जाड दोर. तो पंखावर टेकवून एकदा ह्यानं ओढायचा, एकदा त्यानं, आणि असं करत टोकाकडं सरकायचं. खर उडत होती, उन्हाचा पत्ता नव्हता, आणि मी शेगडी सोडून कधी उभी राहिले ते कळलं नाही. हे तर आमचं रान होतं. तेच दोन बांध, तोच दोर. आणि पोर तसंच! रसूल पुढं सरकलेला, आणि हणमंता मागं थांबून पंखाचा कोपरा झाडतोय.

त्यानंतर औषध. मोठ्या पिंपात गरम केलेलं, वाफा निघताहेत, आणि द्राक्षबागेला फवारायच्या पंपासारखा हातपंप. हे औषध बर्फ विरघळवतं आणि थोडा वेळ नवा धरू देत नाही. पिंप माझ्या जवळच होतं. चिकट, दाट, वाफाळतं. आमचं गुऱ्हाळ आहे हो. काहिलीसमोर आयुष्य गेलेली बाई मी, माझा हात राहतोय होय? झाकणावरचा थेंब मी दोन बोटांत धरला आणि तार येते का बघायला लागले.

"आये!" हणमंता शिडीवरून केवढ्यानं ओरडला. "त्वांडात घालू नगंस! ईख हाय त्ये!"

"घालते कशाला? पाक कच्चा हाय तुझा, येवढंच बघितलं," मी म्हटलं आणि हात धुवायला गेले.

तोवर प्रवासी येऊन आडोशाला उभे राहिले होते. कंपनीचा मॅनेजर घड्याळ बघत होता. विमानाचा कॅप्टन, उंच, मिशा छान, आकाशाकडं बघत होता. डोंगराच्या बाजूला ढगात एक खिंडार उघडलं होतं. तेवढ्यातून निघायचं, पुन्हा बुजलं की दिवस गेला. विमान धुऊन चकाचक दिसत होतं. मॅनेजर म्हणाला, झालं ना, चला. हणमंतानं उजव्या हातातला मोजा काढून खिशात घातला आणि शिडी चढून उघड्या हातानं पंख चाचपायला लागला. टोकापासून बुडापर्यंत. एक पंख झाला. दुसरा निम्मा झाला. मग तो थांबला, आणि तिथंच हात फिरवत राहिला.

"थोडा ठहरो साहब," तो म्हणाला.

प्रवाशांत कुरकुर झाली. मॅनेजरनं कपाळावर हात मारला. पण सगळ्यांत मोठ्यानं कोण ओरडलं? मी! मला ते खिंडार दिसत होतं, दिल्लीची गाडी दिसत होती, आणि चादर गुंडाळून स्टेशनवर बसलेला म्हातारा दिसत होता.

"आरं आटप की रं हणमंता! तुझ्या बाचा डोळा जाईल हितं! किती चिवडत बसनार?"

तो खाली उतरला. रागावला नव्हता. शिडीकडं बोट दाखवून म्हणाला, "तूच बघ ये."

मॅनेजर नको नको म्हणत होता, पण मी कासोटा घट्ट केला आणि चढले. नऊवारीइतकं शिडीला सोयीचं नेसण दुसरं नाही, हे विमान कंपन्यांना कुणीतरी सांगायला पाहिजे. हणमंता खालून धरून उभा. वर पंख ओला दिसत होता, लख्ख.

"पानी हाय रं हे."

"हात फिरीव."

फिरवला. तळहाताला ओल लागली नाही. काच होती. हाजरा आपाच्या पायऱ्यांवर मी तयार केली होती तीच काच, आणि तिच्यावर बारीक रवा सांडल्यासारखी खरखर. म्हशीनं हात चाटावा तशी. डोळ्याला काही म्हणजे काही दिसत नव्हतं.

"पंखावरनं वारं गुळगुळीत गेलं पायजे, आये," तो खालून हळू सांगत होता. "तवाच इमान उचलतंय. येवढ्या खरखरीनंबी वारं इस्कटतंय. मग पंख हाय तरी न्हाई आसं हुतं. वर जायाच्या ऐवजी..."

"आन् हे मोजा घालून कळत न्हाई?"

"न्हाई कळत. बोटालाच कळतंय."

त्याच्या पेटीतले कोरे उजवे मोजे आठवले. रानातल्या कोपऱ्यातली दोन ताटंही आठवली. मग खाली उतरले आणि मॅनेजरला माझ्या हिंदीत सांगितलं, "साब, बरफ रह्या है. मेरेकू भी हात लगा. जब तक हणमंता नहीं बोलता, मैं नहीं बैठती."

गाडी चुकणार हे मला तेव्हाच कळलं होतं.

कॅप्टन पुढं आला. आपला हातमोजा काढला, स्वतः चढला, तिथंच हात फिरवला. उतरून हात पँटला पुसत गंभीरपणे म्हणाला, "ठीक है. थोडा ठहरो." रसूल असा हसला की त्याच्या हातातला पंप सुटला.

पुन्हा औषध गरम केलं, पुन्हा फवारलं. तोवर भुरभुर बर्फ पडायला लागला, मग पहिला पंख पुन्हा. खिंडार बुजलं. प्रवाशांत मुंबईचे एक शेठ होते, गळ्यात कॅमेरा. ते मॅनेजरला सांगू लागले, एवढी कटकट कशाला, दोन बादल्या गरम पाणी ओता आणि मोकळे व्हा. मी त्यांना बाजूला घेतलं. म्हटलं, "शेट, गरम पान्यानं काय हुतं ते मला इचारा. आजून बसता येत न्हाई." विमानात त्यांनी मला आपली खिडकीची जागा दिली.

कितीतरी वेळानं ढग पुन्हा फाटला. हणमंतानं शेवटचा हात फिरवला आणि मान हलवली. मग मात्र घाईच घाई, कारण औषधाचा गुण थोडाच वेळ टिकतो. दारं लागली, एका बाईनं कानात घालायला कापूस आणि चघळायला गोळ्या आणल्या. कापूस मी वापरला, गोळ्या ह्यांच्यासाठी पदराला बांधल्या. पंखे घोंघावले. खिडकीतून पंख दिसत होता, ओला, गुळगुळीत. खाली हणमंता उभा होता. डाव्या हातात मोजा, उजवा हात उघडा, वर केलेला. विमान पळायला लागलं, आणि मी त्या पंखाकडं बघत राहिले. त्याची इंच इंच जागा माझ्या पोराच्या बोटांखालून गेली होती. जमीन सुटली तेव्हा मला भीती वाटली नाही. ही बढाई नव्हे, खरंच नाही वाटली.

मिरज: टेबल

दिल्लीची गाडी गेलेली होती. दुसऱ्या दिवशीची मिळाली. मिरजेला उतरले ती मंगळवारी दुपार टळल्यावर. टांग्यात बसायच्या आधी स्टेशनच्या सगळ्या बाकड्यांवर नजर फिरवली. हे नव्हते.

दवाखान्याच्या पायऱ्यांवर होते. कपडे घातलेले, वळकटी बांधलेली, वर स्वतः बसलेले.

"सकाळी तीनदा बलावलं त्येंनी," हे म्हणाले. "मी सांगितलं, आमची ही आल्याबिगर न्हाई. डाक्टर मनला, उद्या शेवटचं. न्हाईतर घरी जा. मी मनलं, घरी. वळकटी बांदली. कुटं हुतीस?"

"तुमच्या लेकानं इमान आडवलं."

"कुनाचं?"

"माझंच."

तिथंच पायरीवर बसून मी सगळं सांगितलं. खराटे, दोर, औषध, मॅनेजर, काच. झाडतो हेही सांगितलं, लपवलं नाही. हे दिसत नसलेल्या डोळ्यासकट माझ्याकडं बघत राहिले.

"मॅनेजरचं आयकलं न्हाई?"

"न्हाई."

"परवाशांचं?"

"न्हाई."

"तुझंबी न्हाई?" आणि ह्यांचं तोंड असं फुललं, की मी चाळीस वर्षांत एवढं फुललेलं पाहिलं नव्हतं. "लय भारी गडी निगाला की! तुझं न आयकनं मला आजून जमल्यालं न्हाई."

मग ह्यांनी विचारलं, "ह्यो डाक्टरबी आसंच हात लावून तपासतोय का गं, सुरू करायच्या आदी?"

"मी इचारते. न्हाई तपासलं तर मी तुमाला टेबलावर झोपू द्यायची न्हाई."

डॉक्टरांना मी खरंच विचारलं. त्यांनी मला सगळं नीट समजावून सांगितलं, हसले नाहीत. बुधवारी सकाळी हे स्वतःच्या पायांनी आत गेले. दारात वळून एवढंच म्हणाले, "चादर धरून ठेव. पळायची येळ आली तर लागंल."

पट्टी सुटली, जखम भरली, पण डॉक्टर म्हणाले की चष्मा मिळेपर्यंत सगळं धूसरच दिसणार. तोपर्यंत मी लोकर काढली आणि हणमंतासाठी मोजे विणायला बसले. विणून झाल्यावर कोकमाच्या तेलाची डबी त्या मोज्यांबरोबर पाठवायची होती, उजव्या हाताच्या भेगांना. माझ्या मनातलं मी कुणाला बोलले नव्हते.

दीड महिन्यानं सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा आला. सांगलीहून आणून ह्यांनी आमच्या ओट्यावर बसून डोळ्यांवर चढवला. मला वाटलं, आता आधी ऊस बघतील, नाहीतर बैल, निदान माझं तोंड तरी. मी समोरच बसले होते, मांडीवर विणकाम. ह्यांनी मान खाली घातली, चष्मा जरा मागं सरकवला, आणि बराच वेळ माझ्या मांडीकडं बघत राहिले.

"म्हातारे," हे म्हणाले, "डोळं माझं गेल्यालं का तुझं? दोनी मोजं डावंच इनलेस की गं!"